काजूचा रोठा: प्लोकेडेरस की नीओप्लोकेडेरस? जुन्या यादीतली शास्त्रीय नावं दुरुस्त करायची आहेत

रोठा_सिंधुदुर्ग

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या काजू-आंबा बागायतदारांसाठी एक छोटी मराठी पुस्तिका करतोय, खोड पोखरणाऱ्या लांब मिशांच्या भुंगेऱ्यांवर, म्हणजे सेरॅम्बिसिडी फॅमिलीवर. मजकूर झालाय, फोटो आहेत, अडलंय ते शास्त्रीय नावांपाशी. काजूच्या रोठ्याचं नाव आमच्याकडच्या सगळ्या जुन्या पत्रकांत प्लोकेडेरस फेरुजिनियस आहे, एका कॉलेजातल्या किडींच्या पेटीतल्या लेबलवर पण तेच, आणि फोटो आयनॅचरलिस्टवर (फोटोवरून जीव ओळखायची वेबसाइट) टाकला की तिथे नीओप्लोकेडेरस फेरुजिनियस येतं. काजूवरच दुसरा एक सापडतो, ओबेसस, त्याचंही तसंच. वर नावापुढे जे शास्त्रज्ञाचं नाव असतं ते कुठे कंसात कुठे कंसाशिवाय. आंब्याच्या भिरुडाचं एका ठिकाणी बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा लिहिलंय आणि दुसऱ्या ठिकाणी रुफोमॅक्युलाटस.

एक मित्र म्हणतो फाइंड-रिप्लेस मार, प्लोकेडेरस दिसेल तिथे नीओप्लोकेडेरस कर आणि छापायला दे. मला ते पटत नाहीये. पुस्तिका शेतकऱ्यांच्या हातात जाणार, कॉलेजची मुलं त्यावरून प्रोजेक्ट करणार, एकदा चुकीचं नाव छापलं गेलं की मग वर्षानुवर्षं तेच एकाचं बघून दुसरा उतरवत राहतो. तर कुठलं नाव बरोबर ते सांगाच, पण का बरोबर ते पण सांगा प्लीज, म्हणजे बाकीची नावं मला स्वतःला तपासता येतील.

---

लांबमिशी

चांगला प्रश्न आहे, आणि फाइंड-रिप्लेस केलं नाहीत ते उत्तम केलंत.

आधी थेट उत्तर: आपल्याकडच्या काजूच्या रोठ्यासाठी आज नीओप्लोकेडेरस हेच वापरायचं. कारण असं की प्रत्येक जीनसचं (जवळच्या स्पीशीजचा म्हणजे जातींचा गट, शास्त्रीय नावातला पहिला शब्द) नाव एका ठराविक स्पीशीजला बांधलेलं असतं, तिला टाइप स्पीशीज म्हणतात, आणि जीनसचे दोन तुकडे करायची वेळ आली की टाइप स्पीशीज ज्या तुकड्यात जाते तिकडे जुनं नाव जातं, दुसऱ्या तुकड्याला वेगळं नाव लागतं. पूर्वी अमेरिकेतले आणि आफ्रिका-आशियातले असे बरेच भुंगेरे प्लोकेडेरस या एकाच नावाखाली होते. प्लोकेडेरस हे नाव ज्या गटाला बांधलंय तो अमेरिकेतला, मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचा. त्यामुळे आपल्याकडच्या भुंगेऱ्यांना ते नाव लागू पडत नाही. इटलीचे जियानफ्रँको सामा हे सेरॅम्बिसिडीतले मोठे अभ्यासक होते, त्यांनी १९९१ मध्ये आपल्या बाजूच्या गटासाठी नीओप्लोकेडेरस हे नाव दिलं. म्हणजे रोठा तोच आहे, त्याची ओळख बदललेली नाही, फक्त तो ज्या घरात ठेवलाय त्या घराचं नाव दुरुस्त झालंय. आणि हो, प्लोकेडेरस हे नाव रद्द झालेलं नाही, अमेरिकेतल्या भुंगेऱ्यांसाठी ते आजही चालतं, म्हणून परदेशी पेपरात ते दिसलं तर लगेच चूक समजू नका.

आता कंस. फाइंड-रिप्लेसने नेमकी इथेच घाण होते. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय कोडमध्ये नियम आहे (कलम ५१.३) की स्पीशीजचं पहिलं वर्णन ज्या जीनसमध्ये झालं होतं तीच जीनस आजही असेल तर शास्त्रज्ञाचं नाव कंसाशिवाय, आणि जीनस बदलली असेल तर कंसात. फेरुजिनियसला लिनियसने, म्हणजे ही दोन शब्दी नावांची पद्धत रुजवणाऱ्या शास्त्रज्ञाने, सेरॅम्बिक्स या जीनसमध्ये टाकलं होतं, त्याच्या काळात लांब मिशा दिसल्या की बहुतेक सगळे त्याच पोत्यात जायचे. त्यामुळे प्लोकेडेरस असतानाही लिनियस कंसात हवा होता आणि नीओप्लोकेडेरस झाल्यावरही कंसातच. पण ओबेससचं वर्णन गॅहनने १८९० मध्ये केलं ते प्लोकेडेरसमध्येच, म्हणजे जुनं नाव प्लोकेडेरस ओबेसस गॅहन, १८९० असं कंसाशिवाय बरोबर होतं, आणि नवीन नाव नीओप्लोकेडेरस ओबेसस (गॅहन, १८९०) असं कंसात जाणार. जीनसचं नाव बदललं आणि कंस टाकायचा राहिला तर वाचणाऱ्याला वाटणार गॅहनने १८९० मध्येच नीओप्लोकेडेरस लिहिलं होतं, जे नाव त्यानंतर शंभर वर्षांनी आलं.

हा गॅहन म्हणजे ब्रिटिश म्युझियममधला चार्ल्स जोसेफ गॅहन, १९०६ मध्ये फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया मालिकेतला सेरॅम्बिसिडीचा खंड त्यानेच लिहिला, आणि आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या याद्या त्या खंडावरूनच उतरल्यात. पण त्यात लॅमिनी ही सबफॅमिली (फॅमिलीतला एक मोठा उपगट) नव्हती, ती पुढे यायची होती आणि त्या मालिकेत कधी आलीच नाही. त्यामुळे आंब्याचा भिरूड, म्हणजे बॅटोसेरा, त्या खंडात शोधायला जाल तर मिळणार नाही, तो लॅमिनीतला आहे.

---

द्राक्षबाग_निफाड

ताई तुम्ही समजावलंत छान पण मला खरंच एक सांगा, हे सगळं शेतकऱ्यासाठी कशाला? आम्हाला खोडकिडा म्हणजे खोडकिडा. कृषी सहाय्यक जुनं नाव सांगतो, औषधाच्या दुकानात जुनं नाव, शिफारशीत जुनं नाव, आणि नेटवर नवीन नाव टाकलं तर निम्मे पेपर सापडतच नाहीत. नाव बदललं म्हणून अळी थोडीच खोडातून बाहेर येते. द्राक्षात पण हेच चाललंय, एकजण सेलोस्टर्ना लिहितो एकजण सीलोस्टर्ना, स्पेलिंगमध्ये एक ओ जास्त, आणि तिसरा येऊन म्हणतो तुमच्या बागेत ती नाहीच, स्ट्रोमॅटियम आहे. आता बोला.

---

लांबमिशी

दादा, तुमच्याच बागेचं उदाहरण घेते, कारण तुमच्या त्या तिसऱ्या माणसाचं म्हणणं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर आणि स्ट्रोमॅटियम बार्बाटम, दोघांना बागेत खोडकिडाच म्हणतात. पण हे दोन वेगवेगळ्या सबफॅमिलीतले भुंगेरे आहेत. सेलोस्टर्ना लॅमिनीतली, तिची अळी जिवंत खोडात-मुळात राहते, बाभळीवर पण येते, आणि आतला भुसा भोकातून बाहेर टाकते, खोडाखाली भुश्याचा ढीग दिसतो. स्ट्रोमॅटियम मुळात सुक्या लाकडाचा किडा, घरातल्या लाकडी सामानात सुद्धा निघतो, आणि त्याची अळी भुसा मागे बोगद्यातच ठासून भरत जाते, बाहेर फारसं काही दिसत नाही. आता भोकातून औषध सोडायची शिफारस तुम्ही वाचली ती सेलोस्टर्नासाठी लिहिलेली, आणि तुमच्या खोडात आहे स्ट्रोमॅटियम, जिथे बोगदा भुश्याने गच्च आहे, तर औषध अळीपर्यंत पोचणार कसं? नाव नीट असलं तर निदान कुठली शिफारस कुणासाठी आहे ते कळतं. म्हणून मी या नावांसाठी भांडते.

आता तो जास्तीचा ओ. मूळ नाव देजाँ नावाच्या फ्रेंच संग्राहकाने १८३५ मध्ये आपल्या कॅटलॉगमध्ये छापलं ते ओ नसलेलं, सी-ई-एल ने सुरू होणारं. नंतरच्या लोकांना वाटलं की ग्रीक शब्दावरून आलंय तर सी-ओ-ई-एल हवं, म्हणून त्यांनी परस्पर सुधारलं. कोड म्हणतं की ग्रीक-लॅटिन नीट उतरवलं नाही ही काही दुरुस्त करण्यासारखी चूक नाही, ज्याने नाव दिलं त्याने जसं छापलं तसंच ठेवायचं. त्यामुळे सेलोस्टर्ना, ओ नसलेलं. मोनोकॅमस या दुसऱ्या एका जीनसचं पण हेच झालं होतं, एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी पुस्तकांत त्याचं स्पेलिंग भाषेच्या हिशोबाने सुधारून मोनोहॅमस केलेलं सापडतं, आज पुन्हा मूळ मोनोकॅमसच वापरतात.

देजाँच्या कॅटलॉगबद्दल अजून एक, कारण जुन्या याद्या तपासताना हे हमखास आडवं येतं. त्या कॅटलॉगमध्ये नुसती नावांची यादी आहे, वर्णन नाही, म्हणून बराच काळ लोक ती जीनसची नावं त्याच्या नावावर धरत नव्हते, नंतरच्या लेखकाच्या नावावर लावायचे. पण जिथे जीनसच्या नावाखाली आधीच वर्णन झालेली स्पीशीज दिलेली आहे तिथे कोडप्रमाणे ते नाव ग्राह्य धरता येतं. बूस्के आणि बुशार या दोघांनी २०१३ मध्ये झूकीज जर्नलमध्ये हा सगळा कॅटलॉग एकेक नाव घेऊन तपासला. तेव्हा बॅटोसेरा आणि सेलोस्टर्ना या दोन्ही जीनसपुढे देजाँ, १८३५ असंच लिहा, जुन्या पुस्तकात दुसरं काही दिसलं तरी.

---

रोठा_सिंधुदुर्ग

ताई खूपच क्लिअर झालं. मग बॅटोसेराचं ते टा की टस? आणि निफाडवाल्या दादांचा मुद्दा पण बरोबर वाटतो, जुनं नाव पूर्ण काढून टाकलं तर शेतकऱ्याला जुनी माहिती सापडणार कशी?

---

एमएस्सी_कीटक

टा चं मी सांगते, नुकतंच शिकलेय. कोडचं कलम ३१.२ आहे, स्पीशीजचं नाव लॅटिन विशेषण असेल तर ते जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतं. मराठीत नाही का आपण पिवळा भुंगेरा, पिवळी अळी, पिवळं पान म्हणतो, तसंच. डी गीयरने १७७५ मध्ये नाव दिलं सेरॅम्बिक्स रुफोमॅक्युलाटस, सेरॅम्बिक्स पुल्लिंगी म्हणून टस. नंतर स्पीशीज बॅटोसेरात गेली, बॅटोसेरा स्त्रीलिंगी, म्हणून बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा (डी गीयर, १७७५). स्ट्रोमॅटियम नपुंसकलिंगी, म्हणून बार्बाटम. आणि प्लोकेडेरस, नीओप्लोकेडेरस दोन्ही पुल्लिंगी त्यामुळे फेरुजिनियस आणि ओबेसस जसेच्या तसे राहिले.

पण सगळीच नावं विशेषणं नसतात, इथे लोक जास्तीची दुरुस्ती करून बसतात. बॅटोसेरा रूबस हे नाव बघून वाटतं की अरे जीनस स्त्रीलिंगी आहे मग रूबा करायला हवं. नाही करायचं! रूबस हे नाम आहे, नाम बदलत नाही. तसंच स्कॅब्रेटर, ग्रिसेटर, सॅल्टेटर, ही टर ने संपणारी सगळी करणारा या अर्थाची नामं आहेत, म्हणून सेलोस्टर्ना स्त्रीलिंगी असली तरी स्कॅब्रेटरच, आणि काकडी-भोपळ्याच्या वेलातला अ‍ॅपोमेसिना पण सॅल्टेटरच. फुलपाखरूवाले बरेच जण हा लिंगाचा नियम पाळत नाहीत, मूळ स्पेलिंग तसंच ठेवतात, त्यामुळे त्यांच्या याद्या बघून भुंगेऱ्यांची नावं ठरवू नका.

---

टाचणी_आणि_लेबल

वर सगळ्यांनी नावाबद्दल बरोबर सांगितलंय. मी संग्रहाच्या बाजूने बोलतो, कारण प्रश्नात कॉलेजच्या पेटीचा उल्लेख आहे आणि तो वाचून मला काळजी वाटली.

कृपा करून जुनं लेबल काढून फेकू नका. त्यावर नाव चुकीचं असेल, जुनं असेल, शाई पुसट झाली असेल, तरी ते त्याच टाचणीवर राहिलं पाहिजे. नवीन नावाचं वेगळं लेबल करा, त्यावर कोणी ओळखलं आणि कुठल्या वर्षी ते लिहा, आणि जुन्याच्या खाली लावा. उद्या कोणी ती पेटी उघडली तर त्याला दिसलं पाहिजे की आधी काय म्हटलं होतं, कोणी बदललं आणि कधी. मी अशा पेट्या पाहिल्यात जिथे उत्साहाने सगळी लेबलं कॉम्प्युटरवर नवीन छापून लावली आणि जुनी टाकून दिली, त्यात गावाचं नाव, तारीख, कुठल्या झाडावर मिळाला, सगळं गेलं. तो नमुना आता नुसता एक सुकलेला भुंगेरा आहे, अभ्यासाला त्याचा उपयोग शून्य. याचं फार वाईट वाटतं, कारण कोणीतरी पावसात जाऊन तो गोळा केलेला असतो.

दुसरं, नाव दुरुस्त करणं आणि ओळख दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत. प्लोकेडेरसचं नीओप्लोकेडेरस करायला भुंगेरा बघावा लागत नाही, कागदावर करता येतं. पण त्या पेटीत फेरुजिनियस लिहिलेला भुंगेरा खरोखर फेरुजिनियस आहे की ओबेसस, हे भुंगेरा हातात घेऊन भिंगाखाली बघितल्याशिवाय कळत नाही. न बघता नुसतं नाव नवीन केलंत तर चुकीच्या ओळखीला नवीन नावाचा शिक्का मिळतो, आणि नवीन नाव दिसलं की पुढच्या माणसाला वाटतं हे हल्लीच कोणीतरी तपासलंय. बॅटोसेरात हे खूप होतं. नुसत्या ठिपक्यांच्या रंगावरून रुफोमॅक्युलाटा आणि रूबस ठरवतात, आणि भुंगेरा सुकला की तो रंग फिका पडतो. म्हणून ज्या नमुन्याची ओळख तुम्ही स्वतः तपासली नाही त्याच्या नवीन लेबलवर फक्त नाव अद्ययावत केलं एवढंच लिहा, ओळखलं असं लिहू नका.

ओळख नक्की करायची असेल तर झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पुण्यात केंद्र आहे, आणि देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत या फॅमिलीचा मोठा जुना संग्रह आहे, बीसन आणि गार्डनर या कीटकतज्ज्ञांनी तिथेच काम केलं. कोणता भुंगेरा कुठल्या झाडाच्या लाकडात सापडतो याची आपल्या देशातली बरीचशी माहिती त्या कामातूनच आलीये.

---

द्राक्षबाग_निफाड

भुसा बाहेर आणि भुसा आत हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. उद्याच बागेत बघतो. माझ्याकडे खोडाखाली भुसा कधी दिसला नाही, खोड कापलं की आत पीठ निघतं, म्हणजे स्ट्रोमॅटियमच म्हणायचं ना?

अजून एक, आयनॅचरलिस्टवर एक नाव, विकिपीडियावर दुसरं, तर अधिकृत कुठलं? नावाला मंजुरी देणारी सरकारी कमिटी वगैरे असेल ना कुठेतरी?

---

लांबमिशी

शक्यता तीच जास्त, पण खोड कापलंत की अळी किंवा भुंगेरा एका बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवा आणि दाखवा कोणाला तरी, नुसत्या भुश्यावरून शंभर टक्के म्हणू नका.

मंजुरीबद्दल बऱ्याच लोकांचा गैरसमज असतो. नामकरणाचं आंतरराष्ट्रीय कमिशन आहे, १८९५ पासून, पण ते प्रत्येक नावाला मंजुरी देत नाही. ते कोड बनवतं, आणि एखाद्या नावावरून वाद झाला, कोणी अर्ज केला, तर निकाल देतं. सध्या चालू आहे ती कोडची चौथी आवृत्ती, १९९९ मध्ये निघाली आणि १ जानेवारी २००० पासून लागू झाली. झूबँक नावाची नोंदवही आहे तिथे नावाची नोंद होते, पण नोंद झाली म्हणून स्पीशीज खरी ठरली असं नाही. बाकी कुठली स्पीशीज कुठल्या जीनसमध्ये ठेवायची, दोन स्पीशीज एक धरायच्या की वेगळ्या, हा अभ्यासकांचा निर्णय असतो आणि तो पुराव्याने बदलतो. चीनकडच्या अ‍ॅनोप्लोफोराचं बघा, नोबिलिस ही वेगळी स्पीशीज धरायचे, लिंगाफेल्टर आणि होबेके यांनी २००२ मध्ये पूर्ण जीनस तपासून ती ग्लॅब्रिपेनिसमध्येच विलीन केली. कमिशनने काही केलं नाही, या दोघांनी नमुने बघून पुरावा मांडला आणि बाकीच्यांनी तो मानला.

तर सेरॅम्बिसिडीसाठी मी आधी टायटन डेटाबेस बघते, फ्रान्सच्या ताव्हाकिलियाँ यांनी उभा केलेला, जगभरच्या लांबमिश्यांचा आहे. लॅमिनीसाठी लॅमिन्स ऑफ वर्ल्ड ही साइट. दोन्हीकडे जुळलं तर बहुतेक प्रश्न मिटतो. नाही जुळलं तर मूळ पेपरपर्यंत जावं लागतं, आणि जुने बरेचसे बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत फुकट वाचायला मिळतात, डी गीयरपासून गॅहनपर्यंत. आयनॅचरलिस्टवर एखादं नाव जुनं दिसलं तर त्या टॅक्सॉनच्या (म्हणजे त्या स्पीशीजच्या किंवा गटाच्या) पानावर फ्लॅग टाकायची सोय आहे, पेपरचा संदर्भ देऊन टाका, क्युरेटर बघतात. नुसतं नाव चूक आहे एवढंच लिहून सोडू नका, पुरावा द्या.

---

रोठा_सिंधुदुर्ग

सगळ्यांचे मनापासून आभार. मी आता प्रत्येक किडीखाली असं लिहायचं ठरवलंय, चालेल का बघा:

काजूचा रोठा. शास्त्रीय नाव: नीओप्लोकेडेरस फेरुजिनियस (लिनियस). जुन्या पत्रकांत आणि शिफारशींत: प्लोकेडेरस फेरुजिनियस.

काजूचा दुसरा रोठा. शास्त्रीय नाव: नीओप्लोकेडेरस ओबेसस (गॅहन, १८९०). जुन्या पत्रकांत: प्लोकेडेरस ओबेसस.

आंब्याचा भिरूड. शास्त्रीय नाव: बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा (डी गीयर, १७७५). काही ठिकाणी रुफोमॅक्युलाटस असं छापलेलं आढळतं, किडा तोच.

मराठी नावं वर मोठ्या अक्षरात, कारण बागेत तीच बोलतात. आणि ज्यांना शोधायचंय त्यांच्यासाठी शेवटच्या पानावर जुन्या नावांची अकारविल्हे सूची, समोर आजचं नाव. म्हणजे कृषी सहाय्यकाने जुनं नाव सांगितलं तरी पान सापडेल.

एक शंका राहिलीच. ओबेसस म्हणून मी जो फोटो छापणार आहे तो मला एका बागायतदाराने पाठवलाय, भुंगेरा माझ्याकडे नाही. त्याच झाडाच्या बुंध्यातून निघालेला पांढरा कडक कोश मात्र आहे.

---

टाचणी_आणि_लेबल

सूचीची कल्पना फार चांगली, हे प्रत्येक पुस्तिकेत असायला पाहिजे.

फोटोखाली ओबेसस लिहू नका. नीओप्लोकेडेरस एवढंच लिहा, पुढे स्पीशीज निश्चित नाही असं. कोशावरून पण स्पीशीज ठरणार नाही, अळी तो चुन्याचा कडक कोश करते हे फेरुजिनियसमध्येही असतं आणि ओबेससमध्येही. पण कोश टाकू नका, डबीत ठेवा, सोबत गाव, तारीख, झाड आणि तो खोडात होता की मुळाशी ते पेन्सिलने लिहून ठेवा. बागायतदाराला विचारा अजून भुंगेरे निघतात का. काजूची मेलेली झाडं तोडतील तेव्हा बुंधा जाळायच्या आधी फोडून बघायला सांगा, कोशात पूर्ण झालेला भुंगेरा सापडतो बऱ्याचदा. नर-मादी दोन्ही मिळाले तर पार्सल करा, मी भिंगाखाली गॅहनच्या वर्णनाशी लावून बघतो आणि पुस्तिका छापायला जायच्या आत कळवतो.